सुप्त कॅन्सरपेशी, पेशीच्या आतला पुनर्वापर आणि उपवासाचे फिरते व्हिडिओ

रोहिणी_नक्षत्र (धागा काढणारी):

श्रावणापासून आमच्या तालुक्यातल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरून राहिला आहे. जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं, उपाशी राहिलं की शरीर कॅन्सरला स्वतःच खाऊन टाकतं, म्हणून डॉक्टर ही गोष्ट लपवतात, असा एकूण सूर. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी तो पाहून केमोच्या दोन डोसांच्या मधल्या दिवसांत नुसत्या पाण्यावर राहायला सुरुवात केली. वजन उतरलं, चक्कर येऊन अंगणात पडल्या आणि पुढचा डोस लांबला. हे ऐकल्यापासून मी अस्वस्थ आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे हा व्हिडिओ खरा का खोटा ते विचारायला लोक माझ्याकडे येतात. "खोटा" एवढं एका शब्दात सांगून भागत नाही, कारण त्यात अर्धं खरं आहे. म्हणून हा लांबलचक धागा.

आधी खरं काय ते. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं मूळ काम यीस्टवरचं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पचनाची विकरं (एन्झाइम) नसलेलं यीस्ट उपाशी ठेवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर त्याच्या पोकळीत बारीक पिशव्या साचत होत्या. पेशी स्वतःचाच माल तिथे मोडीत काढायला आणत होती, पण विकरं नसल्यामुळे तो मोडत नव्हता, म्हणून दिसला. पुढे १९९३ मध्ये या कामाला लागणारी १५ जनुकं त्यांच्या गटाने शोधली. यात कॅन्सरचा रुग्ण कुठेही नव्हता.

या प्रक्रियेला ऑटोफॅजी म्हणतात. हे नाव क्रिस्तियन द दूव यांनी १९६३ मध्ये दिलं, लायसोसोमचा, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीचा, शोधही त्यांचाच. निकामी प्रथिनं, बिघडलेली मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) यांच्याभोवती पेशी दुपदरी पडदा गुंडाळते, ती पिशवी लायसोसोमला जाऊन मिळते, तिथल्या आम्लात आणि विकरांत सगळ्याचे तुकडे होतात आणि अमिनो आम्लं वगैरे पुन्हा वापरात येतात. बाहेरून अन्न कमी पडलं की हे काम वाढतं. तुमच्या-माझ्या पेशींत आत्ता हे वाचतानाही ते चालू आहे, जेवलेले असा की उपाशी.

व्हिडिओ इथे थांबतो. पुढचा भाग तो सांगत नाही. हीच सोय कॅन्सरच्या पेशीकडेही असते.

बेथ लेव्हिन यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवलं की बेक्लिन-१ हे ऑटोफॅजीचं जनुक स्तनाच्या कॅन्सरच्या बऱ्याच पेशींत कमी पडलेलं असतं, आणि ते परत दिलं की गाठ मंदावते. नंतर ज्या उंदरांत त्याची एकच प्रत शिल्लक होती त्यांना जास्त गाठी झाल्या. म्हणजे निरोगी पेशीत ही साफसफाई कॅन्सर होऊ न देण्याच्या बाजूची. पण एकदा गाठ झाली, आत रक्तपुरवठा तोकडा पडला, वरून केमोचा मार बसला, की तीच साफसफाई कॅन्सरपेशीला तगवते. आणि सगळ्यात जास्त तगवते ती निजलेल्या पेशीला, असं आता दिसू लागलं आहे.

निजलेली म्हणजे काय? स्तनाची गाठ काढण्याआधीच काही पेशी रक्तातून निघून हाडांच्या मगजात, फुप्फुसात जाऊन बसलेल्या असू शकतात. ४,७०३ रुग्णांची माहिती एकत्र करून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निदानाच्या वेळीच ३०.६ टक्के बायकांच्या मगजात अशा पेशी सापडल्या होत्या. त्यातल्या सगळ्यांचा आजार उलटला नाही, पण उलटण्याचा धोका नक्की जास्त होता. या पेशी विभागत नाहीत, म्हणून विभागणाऱ्या पेशींना मारणारी केमो त्यांना फारशी लागत नाही. वावरातल्या लव्हाळ्यासारखं आहे हे. डवरा फिरवला की वरचं पातं जातं, वावर स्वच्छ दिसतं, गाठ खाली तशीच राहते.

मला इथे दोन गोष्टी हव्या आहेत. संशोधनात असणाऱ्यांनी पुढचं नीट सांगावं. आणि ज्यांच्या घरात टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारख्या, स्तनाच्या कॅन्सरमध्ये हार्मोन अडवणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू आहेत त्यांनी गावात त्या कशा घेतल्या जातात ते लिहावं.

----

वावरातला_माणूस:

ताई, लय चांगला धागा काढला. माह्या घरच्या बाईचं २०१९ मधी डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं. केमो झाली, शेक म्हंजे रेडिएशन झालं, मंग लेट्रोझोल सुरू केली. पाच वर्षं झाली. आता डॉक्टर म्हणते अजून चालू ठेवा. रिपोर्ट सगळे क्लिअर हायेत. बाई म्हणते मी बरी झाली तर गोळी कायले खाऊ, माहे गुडघे धरतात, सकाळी मूठ वळत नाई. आन् तिच्या भावानं तुम्ही म्हणता तोच व्हिडिओ तिले पाठवला. थे आता म्हणून राहिली का गोळी बंद करतो आन् हप्त्यातून दोन दिवस निरंकार उपास करतो. मी तिले काय सांगू?

----

गावचा_डॉक्टर:

भाऊ, पहिलं म्हणजे वहिनींना गोळी आपल्या मनाने बंद करू देऊ नका. दुसरं, त्यांचं गुडघ्याचं दुखणं खरं आहे. ते मनाचं नाही, लेट्रोझोलचंच असण्याची शक्यता मोठी आहे. त्यावर उपाय असतात, ते खाली लिहितो.

"रिपोर्ट क्लिअर" याचा अर्थ आधी समजून घ्या. सीटी स्कॅन असो, सोनोग्राफी असो, काही मिलिमीटरची गाठ झाल्याशिवाय त्यात काही दिसत नाही. रोहिणीताई सांगतात त्या सुट्या पेशी कुठल्याच नेहमीच्या तपासणीत दिसत नाहीत.

हार्मोनवर वाढणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरची खोड अशी की तो उशिरा उलटतो. ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे हार्मोनवर न वाढणाऱ्या प्रकारात उलटायचा धोका पहिल्या तीन-पाच वर्षांत जास्त आणि मग बराच उतरतो. हार्मोनवाल्यात तसं होत नाही. २०१७ मध्ये ६२,९२३ बायकांची माहिती एकत्र करून पाहिली. या सगळ्यांनी पाच वर्षं हार्मोनची गोळी घेतलेली होती आणि पाचव्या वर्षी आजाराचा मागमूस नव्हता. तरी पुढची पंधरा वर्षं, विसाव्या वर्षापर्यंत, आजार दूरच्या अवयवात थोडा थोडा उलटतच राहिला. गाठ लहान आणि काखेतल्या ग्रंथी स्वच्छ असलेल्यांत तो धोका १३ टक्के होता. गाठ मोठी आणि चार ते नऊ ग्रंथींत आजार असलेल्यांत ४१ टक्के. वहिनी यातल्या कुठल्या गटात बसतात ते ऑपरेशनच्या वेळच्या हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टवर (काढलेल्या गाठीच्या तपासणीचा कागद) लिहिलेलं असेल. तो कागद शोधा, फार महत्त्वाचा आहे. फायलीत खाली गेला असेल.

टॅमॉक्सिफेन पाचऐवजी दहा वर्षं घेतली तर उलटणं आणि मृत्यू दोन्ही कमी होतात, हे २०१३ च्या अ‍ॅटलास चाचणीने दाखवलं. लेट्रोझोल पाचाच्या पुढे किती न्यायची हे प्रत्येकीचा धोका आणि हाडांची स्थिती पाहून ठरतं. म्हणून "अजून चालू ठेवा" असं सांगितलं असेल तर त्यामागे हिशेब आहे.

दुखण्याबद्दल: नियमित चालणं, ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढणं, आणि तरी जमत नसेल तर त्याच वर्गातली दुसरी गोळी किंवा टॅमॉक्सिफेन. बदल करणारे तुमचे कॅन्सरचे डॉक्टर. पण "दुखतं म्हणून सोडायची इच्छा होते" हे वाक्य त्यांच्यासमोर स्पष्ट बोला. बायका तिथे जाऊन "बरं आहे" म्हणतात आणि घरी येऊन गोळी सोडतात.

----

प्रयोगशाळा_अमरावती:

मी पेशीजीवशास्त्रात पीएचडी करतो. रोहिणीताईंनी जिथे सोडलं तिथून पुढे.

सुप्तावस्था आणि ऑटोफॅजी यांचा संबंध ठळकपणे पुढे आला तो २००८ मध्ये, बीजकोशाच्या म्हणजे ओव्हरीच्या कॅन्सरवरच्या कामात. अर्ही नावाचं एक जनुक त्या पेशींत पुन्हा चालू केलं. काचेच्या ताटलीत पेशींत ऑटोफॅजी इतकी वाढली की त्या मेल्या. तेच उंदरात केलं तर मेल्या नाहीत, निजल्या. जनुक बंद केल्याबरोबर गाठी भराभर वाढल्या. आणि निजलेल्या काळात उंदरांना ऑटोफॅजी अडवणारं क्लोरोक्विन दिलं असेल तर ती वाढ बरीच कमी झाली. एकच प्रक्रिया ताटलीत मारते आणि शरीरात तगवते, हे वाचलं तेव्हा मी तो शोधनिबंध पुन्हा पहिल्यापासून वाचला होता.

मग २०१८ मध्ये स्तनाच्या कॅन्सरवर अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतल्या गटाचं काम आलं. निजलेल्या पेशींत ऑटोफॅजी चढलेली होती. ती औषधाने किंवा तिला लागणारं एटीजी-७ हे जनुक बंद करून थांबवली की बिघडलेली मायटोकॉन्ड्रिया आत साचत गेली, त्यातून ऑक्सिजनची घातक रूपं वाढली आणि पेशी झोपेतच मेल्या. उंदरांच्या फुप्फुसातल्या गाठी कमी झाल्या. निजलेली पेशी काही खात-पीत नाही, वाढत नाही, तरी वर्षानुवर्षं जगते कशी, याचं एक उत्तर यात आहे. ती आतला बिघाड सतत काढत राहते.

इथवर गोष्ट सरळ आहे. पण पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, दुसऱ्या गटाने उलटं दाखवलं. त्यांच्या उंदरांत ऑटोफॅजी थांबवली तर निजलेल्या पेशी जाग्या झाल्या. साखर वापरायचा वेग वाढवणारं पीएफकेएफबी-३ नावाचं एक विकर ऑटोफॅजी एरवी मोडून टाकत असते. मोडणं थांबलं, विकर साचलं, पेशी वाढू लागली. २०२० मध्ये आणखी एका गटाला असंच दिसलं, तिथे साचणारं प्रथिन एनबीआर-१ होतं. पेशी दूरच्या अवयवात पोचून वाढायच्या बेतात असताना ऑटोफॅजी काढून घेतली तर वाढ जास्तच झाली.

म्हणजे गाढ निजलेल्या पेशीची ही सोय तोडली तर ती मरेल, आणि उठायच्या बेतात असलेल्या पेशीची तोडली तर कदाचित उठेलच. वेळ कुठली, पेशी कुठल्या अवस्थेत, यावर सगळं आहे. आता या पार्श्वभूमीवर कोणी पाणी पिऊन दोन दिवस राहणार, त्याने शरीरातल्या कोणत्या पेशीत ऑटोफॅजी किती वाढणार हे मोजायचीही सोय नाही, आणि वाढलीच तर ती मगजात बसलेल्या कॅन्सरपेशीतही वाढू शकते. तिला तर तेच हवं आहे! या व्हिडिओची मला भीती वाटते ती यासाठी.

----

संत्र्याचा_बहार:

प्रश्न आहे. क्लोरोक्विनने जर निजलेल्या पेशी मरतात तर ती गोळी तर गडचिरोलीकडे मलेरियासाठी घरोघर माहीत आहे. आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन करोनात लोकांनी डबे भरभरून आणली होती, आमच्याकडे अजून पट्ट्या पडल्या आहेत. स्वस्त आहे, जुनी आहे. मग ती सगळ्या रुग्णांना का देत नाहीत? कंपन्यांना फायदा नाही म्हणून?

----

प्रयोगशाळा_अमरावती:

स्वस्त जुन्या गोळीकडे दुर्लक्ष झालं असतं तर मलाही राग आला असता. पण इथे तसं झालेलं नाही, तिचीच चाचणी झाली आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अँजेला डेमिशेल आणि लुईस चोडोश यांच्या गटाची क्लेव्हर ही चाचणी २०२५ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये आली. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपलेल्या बायकांच्या मगजाची तपासणी करून ज्यांच्यात निजलेल्या पेशी सापडल्या अशा ५१ जणींना घेतलं. काहींना ऑटोफॅजी अडवणारं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, काहींना एव्हरोलिमस, काहींना दोन्ही. एव्हरोलिमस हे एमटॉर नावाचा वाढीचा संदेश अडवणारं औषध आहे. बहुतेकींच्या मगजातल्या पेशी कमी झाल्या किंवा दिसेनाशा झाल्या. तीन वर्षांनी आजार न उलटता असलेल्यांचं प्रमाण हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवर ९१.७ टक्के, एव्हरोलिमसवर ९२.९ टक्के आणि दोन्हींवर १०० टक्के होतं.

हे आकडे पाहून आनंद होतो आणि व्हायलाही हवा. सुप्त पेशी शोधून, त्यांच्यावरच औषध देऊन त्या कमी करता येतात हे माणसांत दिसलं. पण ५१ म्हणजे फार थोड्या. त्या तीन गटांत वाटल्या गेल्या. औषध झेपतं का आणि मगजातल्या पेशींवर परिणाम होतो का, हे पाहणं हा मुख्य हेतू होता. आयुष्य वाढतं का हे सांगायला मोठ्या चाचण्या लागतात. त्याच गटाच्या पुढच्या चाचण्यांत हायड्रॉक्सीक्लोरोक्विनबरोबर अबेमासिक्लिबसारखी औषधं घेऊन पाहणं सुरू आहे. आणि २०१९-२० चे उलटे निष्कर्ष अजून पुसले गेलेले नाहीत.

----

गावचा_डॉक्टर:

संत्र्याचा_बहार, त्या उरलेल्या पट्ट्या कृपा करून कोणाला देऊ नका. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन संधिवातात आम्ही देतो, पण मोजून आणि तपासून. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर एकदम खाली येऊ शकते. दीर्घकाळ घेतली तर डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते आणि ती परत भरून येत नाही. आणि ज्या बायका टॅमॉक्सिफेनवर आहेत त्यांच्यात हा डोळ्याचा धोका आणखी वाढतो. म्हणजे ज्यांना ही गोळी घ्यावीशी वाटेल नेमक्या त्याच बायका जास्त धोक्यात. चाचणीत डोळे, ईसीजी सगळं बघत बघत देतात.

----

आरोग्यसखी_आशा:

मी आशा कार्यकर्ती आहे, दहा-बारा वर्षं झाली असतील. रोहिणीताईंनी विचारलं गोळ्या कशा घेतल्या जातात, ते सांगते.

माझ्या भागात ज्या बायकांना या गोळ्या आहेत त्यांच्या घरी मी जाते तेव्हा पट्टी हातात घेऊन बघते. तोंडी विचारलं तर सगळ्या "रोज घेते" म्हणतात. एका बाईची पट्टी मी पाहिली, तिने निळ्या पेनने मागच्या चंदेरी कागदावर सोम, बुध, शुक्र, रवि असं लिहून ठेवलेलं. मध्ये मंगळ नाही, गुरू नाही. विचारलं तर म्हणाली, एक दिवसाआड घेतली की पट्टी दुप्पट पुरते. गोळी महाग म्हणून नाही. गोळी आणायला शहरात जायचं म्हणजे सकाळच्या एसटीने निघून रात्री घरी, तिची मजुरी बुडते, सोबत नवरा आला तर दोघांची. कापसाच्या वेचणीत तर कोणी जातच नाही. वेचणीच्या दिवसांत बोटं दुखतात म्हणून महिनाभर गोळी बंद, हेही मी पाहिलं. बोटं दुखली तर किलोवर मिळणारी मजुरी कमी होते, तिचाही हिशेब आहेच की.

दुसरी एक आहे तिने सासूला कळू नये म्हणून पट्ट्या तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी ठेवल्या. "बरी झाली तरी औषध खाते म्हणजे हिचं काही तरी बाकी आहे" असं घरात बोललं जातं म्हणून.

यांना मी ऑटोफॅजी कशी सांगू? मला हा धागा दोनदा वाचावा लागला. पण एक गोष्ट मला उमगली, ती म्हणजे बाकी आहे असं सासू म्हणते ते एका अर्थी खरंच आहे, फक्त त्यात बाईचा दोष नाही.

----

गावचा_डॉक्टर:

ताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे.

एक दिवसाआड घेण्याबद्दल: लेट्रोझोलचा फायदा ज्या चाचण्यांत सिद्ध झाला त्या रोज एका गोळीच्या आहेत. आपल्या मनाने निम्मी करणं बरोबर नाही. पण त्या बाईला रागावू नका, तिची अडचण गोळीची नाही, एसटीची आहे. डॉक्टरांना सांगून तीन महिन्यांची गोळी एकदम लिहून घ्या. मधल्या काळात संपली तर तालुक्याच्या जनऔषधी केंद्रात त्याच नावाची विचारा. औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम तुम्ही तुमच्या वहीत लिहून ठेवा, कंपनीचं नाव वेगळं असलं तरी चालतं. टॅमॉक्सिफेनवाल्या बाईला पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव दिसला किंवा एका पायाला अचानक सूज आली तर मात्र वाट बघत बसायचं नाही, लगेच दाखवायचं.

----

चंद्रभागेतीरी:

मी वारकरी घरातली. एकादशी आयुष्यभर केली. दोन वर्षांपूर्वी माझंही ऑपरेशन झालं. धागा वाचून मन खट्टू झालं. उपास म्हणजे कॅन्सरला खाऊ घालणं, असं म्हणायचं आहे का तुम्हाला?

----

रोहिणी_नक्षत्र:

नाही काकू, मुळीच नाही. तुमच्या एकादशीबद्दल कोणी काही म्हटलेलं नाही. भगर, शेंगदाण्याची आमटी, दूध, केळं घेऊन केलेली एकादशी आणि आठवड्यात दोन-दोन दिवस निव्वळ पाणी, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. उपचार संपले असतील, वजन टिकून असेल, मधुमेहाची औषधं नसतील, तर डॉक्टरांना एकदा विचारा आणि आपला नेम चालू ठेवा. तो तुमच्या श्रद्धेचा भाग आहे आणि श्रद्धेला कॅन्सरच्या औषधाचं काम करायला लावू नये, एवढंच माझं म्हणणं.

उपचार चालू असताना मात्र वेगळं. केमोच्या काळात वजनाच्या दर किलोमागे निदान एक ग्रॅम, जमल्यास दीड ग्रॅम प्रथिन रोज लागतं असं आहारतज्ज्ञ धरतात. पन्नास किलोच्या बाईला पन्नास ते पंच्याहत्तर ग्रॅम. आपल्याकडे शेतमजूर बाईच्या ताटात एरवीही तेवढं नसतं. भाकर, पातळ वरण आणि ठेचा. तिला उपाशी राहा म्हणणाऱ्याने तिचं ताट पाहिलेलंच नाही. अंडी चालत असतील तर अंडी, नसतील तर घट्ट वरण, चण्याची उसळ, शेंगदाणे, ताक, दही. केमोत तोंड आलं असेल तर मऊ खिचडी आणि डाळीचं प्रमाण वाढवून.

----

यवतमाळ_स्टँड:

माझ्या मोठ्या भावाला तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन गालाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन आणि शेक झाला. त्यालाही हे सुप्त पेशीचं लागू आहे का? त्याने तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो.

----

गावचा_डॉक्टर:

तोंडाचा कॅन्सर उलटला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत आणि तिथेच किंवा मानेत उलटतो, त्यामुळे सुरुवातीला तपासण्या जवळ जवळ असतात. एकही चुकवू नका. आणि सुपारी आजच बंद करा. सुपारी ही तंबाखूशिवायही कॅन्सर करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच तसं जाहीर केलं आहे. तोंडाचं सगळं अस्तर वर्षानुवर्षांच्या खर्ऱ्याने बिघडलेलं असतं, त्यामुळे जुना उलटणं सोडा, दुसऱ्या गालावर नवाच होऊ शकतो. यात ऑटोफॅजीपर्यंत जायची गरजच नाही, रोगाचं मूळ सुपारीच्या डबीतच आहे.

----

वावरातला_माणूस:

ताई, लव्हाळ्याचं तुम्ही सांगतलं थे माह्या डोक्यातून जाईना. आम्ही उन्हाळ्यात खोल नांगरतो, गाठी उन्हावर येते आन् वाळते. नाई तं मंग पाऊस पडल्यावर कोंब येऊ देऊन मारतो. या निजल्या पेशींले पण तसं उठवून मारता नाई का येत?

----

प्रयोगशाळा_अमरावती:

भाऊ, तुम्ही जे विचारलं त्यावर खरोखर संशोधक भांडतात. तीन वाटा आहेत. झोपेतच मारा, जशी क्लेव्हर चाचणी. किंवा कायम झोपवून ठेवा, जे तुमच्या घरची हार्मोनची गोळी बऱ्याच अंशी करते, कारण उठायला लागणारा इस्ट्रोजेनचा संदेशच ती तोडते. किंवा मुद्दाम उठवा आणि उठल्यावर केमोने मारा. तिसरी वाट कागदावर देखणी आहे, पण उठवलेल्यातली एक जरी निसटली तर आपणच रोग आणला असं होईल. माणसांत ते करायला कोणी सहजी धजत नाही.

त्या आपोआप कशाने उठतात याबद्दल उंदरांतलं काही काम आहे. २०१८ मध्ये असं दिसलं की तंबाखूच्या धुराने फुप्फुसात सूज आली की पांढऱ्या पेशी जाळी टाकतात आणि त्या जाळीमुळे आसपासची रचना बदलून निजलेल्या पेशी उठतात. २०२५ मध्ये इन्फ्लुएंझा आणि करोनाच्या संसर्गानंतरही उंदरांच्या फुप्फुसात तसंच दिसलं. म्हणून वहिनींसमोर विडी ओढणं बंद, एवढं तर आजच करता येईल.

----

वावरातला_माणूस:

विडी मी नाई ओढत, पण माहा बाप ओढते घरात. सांगतो त्याले, ओसरीवर बी नाई म्हणाव.

काल बाईले घेऊन गेलो होतो. डॉक्टरसाहेब, तुमचं वाक्य जसंच्या तसं तिनं स्वतः म्हटलं, का दुखते म्हणून सोडाची इच्छा होते. त्यायनं गोळी बदलून दिली, त्याच जातीची दुसरी हाय म्हणे. हाडाची डेक्सा तपासणी लिहून देली. उपासाचं विचारलं तं म्हणे आठवड्यातले दोन दिवस नुसत्या पाण्यावर राहणं वगैरे काही नाई, हाडं आधीच विरळ असतीन. तो हिस्टोपॅथॉलॉजीचा कागद सापडला, घडीत फाटला होता, पण वाचता येते. गाठ अडीच सेंटिमीटर, ग्रंथी चौदा काढल्या, दोनमधी आजार. हे वाईट हाय का?

----

गावचा_डॉक्टर:

वाईट नाही, मधलं आहे. म्हणूनच पाच वर्षांनंतरही गोळी चालू ठेवायला सांगितली असणार. फाटलेल्या कागदाचा आधी मोबाइलवर नीट फोटो काढून ठेवा आणि एक झेरॉक्स आशाताईंकडे द्या. डेक्साचा रिपोर्ट आला की त्यातला टी-स्कोअर, म्हणजे हाडांच्या घनतेचा आकडा, इथे लिहा, खुब्याचा आणि मणक्याचा, दोन्ही. ड जीवनसत्त्वाचा आकडा सांगितला असेल तर तोही.

----

आरोग्यसखी_आशा:

झेरॉक्स माझ्याकडे नक्की द्या भाऊ, मी प्रत्येकीची वेगळी फाइल करून राहिले आहे. रोहिणीताई, त्या व्हिडिओच्या खाली टाकायला तुमच्या आवाजात दोन मिनिटांचा ऑडिओ करून द्याल का? लिहिलेलं बायका वाचत नाहीत, ऐकतात. पण त्यात आधी गुडघेदुखीचं सांगा, पेशींचं मागून.

----

रोहिणी_नक्षत्र:

करते ताई, उद्या कॉलेज सुटल्यावर. आधी तुम्हालाच पाठवते, वेचणीवाल्या बायकांना कुठलं वाक्य कळणार नाही ते सांगा, मग पुन्हा करू.